पिवळ्या पिनेची कैफियत

चहा घ्या आणि शांतपणे ऐका. हे प्रकरण उद्या तुमच्याही घरी उद्भवू शकतं.

माझा पुतण्या टोकियोत नोकरीला आहे. दिवाळीला येताना जुना गेम आणतो म्हणाला. त्याने आधी १९८३ चा फॅमिकॉम पसंत केला होता. मीच हरकत नोंदवली. ते यंत्र चित्र पाठवतं अँटेनाच्या वायरीतून, जपानच्या पहिल्या किंवा दुसऱ्या चॅनेलवर. म्हणजे ९० ते १०२ मेगाहर्ट्झ. आपल्याकडे तिथे एफएम रेडिओ वाजतो, टीव्ही नाही. म्हणून १९९० चा सुपर फॅमिकॉम ठरला. टोकियोच्या अकिहाबारा बाजारातून आला. "काका, फक्त लावायचं आणि खेळायचं," असं सांगून पुतण्या परत गेला.

जपानी भिंतीत १०० व्होल्ट, आपल्या भिंतीत २३०. तेव्हा विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर घेणं आलं. दुकानदार म्हणाला, "कशाला? इथलाच अ‍ॅडॉप्टर लावा." या यंत्राला पिनेच्या मधोमध ऋण टोक लागतं आणि आपल्याकडच्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरांत तिथे धन असतं, हे मी त्याला समजावून सांगितलं. तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मग टीव्ही. यंत्रातून तीन पिना निघतात: पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाच्या. माझ्या नव्या टीव्हीला एचडीएमआयची तीन भोकं आहेत, पिवळ्या पिनेला एकही नाही. त्याऐवजी हेडफोनसारखं एक बारीक भोक, आणि त्याची वायर वेगळी विकत घ्यायची. घेतली. तिच्या आतल्या जोडण्यांचा क्रम निराळा निघाला. चित्र लाल पिनेतून यायला लागलं. दोन्ही पक्ष आपापल्या जागी नियमानुसार बरोबर होते.

अखेर चित्र आलं. मारिओ आडवा फुगलेला, कारण चार-तीनचं चित्र सोळा-नऊच्या पडद्यावर ताणलेलं. ते सेटिंगमध्ये मिटलं. खरा अन्याय पुढे आहे.

हे यंत्र सेकंदाला साठ पूर्ण चित्रं पाठवतं, कमी ओळींची. ट्यूबच्या टीव्हीवर ती आली तशी उमटायची. नवा टीव्ही मात्र त्यांना अर्धी-अर्धी चित्रं समजतो आणि दोन-दोन जोडत बसतो. त्यामुळे कडा थरथरतात, आणि या जोडकामात वेळ जातो. मी बटण दाबतो, टीव्ही विचार करतो, तोवर मारिओ खड्ड्यात गेलेला असतो. मी बटण वेळेवर दाबलं होतं. याची नोंद व्हावी. मेनूच्या चौथ्या पायरीवर 'गेम मोड' सापडला. त्याने उशीर घटला, थरथर तशीच राहिली.

यंत्र निर्दोष आहे. तीस वर्षांहून जुनं असूनही पहिल्या झटक्यात सुरू झालं. त्याचा अर्धा भाग होता ट्यूबचा टीव्ही, आणि तो आपण सगळ्यांनी भंगारात घातला. माझा गेल्याच वर्षी गेला.

तेव्हा विनंती एवढीच. तुमच्या माळ्यावर तसा टीव्ही असेल तर पाठीमागे पिवळं भोक आहे का पाहा, आणि तो जपानची एनटीएससी रंगपद्धत घेतो का तेही. नुसता आपल्याकडच्या पाल पद्धतीचा असेल तर चित्र काळंपांढरं येईल. दोन्ही जमत असेल तर भंगारवाल्याला हाक मारू नका. मला मारा, मी टेम्पो घेऊन येतो.