मुक्काम पोस्ट महाड

मुंबई-गोवा रस्त्याने जाणाऱ्या बहुतेकांनी महाड ओलांडलेलं असतं. महाडला आलेला क्वचितच कुणी. गाडी थांबते, वडापाव होतो, ‘पुढे कशेडी कसा आहे?’ अशी चौकशी होते आणि मंडळी सुटतात. रायगडवाले इथून वळतात, वरंध घाट उतरून आलेले पुणेकर थेट समुद्राची वाट धरतात. कोकण रेल्वे तर तालुक्यात येऊनही गावात आली नाही. महाडकराने वीर स्टेशनात उतरायचं आणि तिथून महाडचा वेगळा प्रवास सुरू करायचा.

पूर्वी असं नव्हतं. सावित्रीच्या खाडीतून गलबतं वर येत आणि माल इथून घाटावर चढे. गांधारपाल्याच्या डोंगरात भिक्षूंनी लेणी कोरली तीही या वाटेवरच. १७९६ साली पुण्यातलं राजकारण अंगाशी आल्यावर नाना फडणवीस महाडला येऊन राहिले. पुणेकराने इथे आपण होऊन मुक्काम केल्याची ती बहुधा शेवटचीच नोंद.

आता आपण होऊन येतं ते पाणी. महाबळेश्वरला लोक पाऊस बघायला जातात. त्यांचा बघून झालेला पाऊस सावित्री पोलादपूरमार्गे महाडला आणून पोचवते. इकडून गांधारी येऊन मिळते आणि खाली समुद्राला भरती असली की पाणी हलायचं नाव घेत नाही. पेठेतल्या एका दुकानाच्या भिंतीवर ऑइलपेंटच्या दोन रेघा होत्या. खालच्या रेघेकडे बोट दाखवून मी म्हटलं, “बापरे! ही २०२१ ची?”

“नाय वो, ती २००५ ची,” मालक वजनकाट्यावरून नजर न काढता म्हणाले. “एकवीसची बघायची तर मान वर करा.”

मान वर केली. ती रेघ पंख्याच्या शेजारी होती.

पण महाडचं सगळ्यात मोठं पाणी चवदार तळ्याचं. १९२४ साली नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. ठराव झाला, तळं होतं तसंच राहिलं. नगरपालिका ओळखणाऱ्यांना याचं नवल वाटणार नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह तिथलं पाणी प्राशन केलं, तेव्हा कुठे ठराव अमलात आला. त्यावर नगरपालिकेने तत्परता दाखवली ती ऑगस्टमध्ये ठराव मागे घेण्यात! डिसेंबरमध्ये काही सवर्णांनी दावा लावला. निकाल १९३७ सालचा: अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट अनादिकाळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही. ज्या गोष्टीला कालपर्यंत कुणी पुरावा मागत नव्हतं, तिला हायकोर्टाने पुरावा मागितला, आणि ‘आमच्या आजोबांपासून चालत आलंय’ एवढ्यावर भागलं नाही. आता वीस मार्चला महाडला पाय ठेवायला जागा नसते. गाडी थांबवून वडापाव खाणाऱ्यांना त्या दिवशी तरी ‘इतकी गर्दी कशाची?’ असं विचारावं लागतं.

महाडच्या पुढल्या पोलादपूरची तऱ्हा आणखी अवघड. इथून एक फाटा आंबेनळी घाटाने प्रतापगड-महाबळेश्वरकडे चढतो आणि हमरस्ता कशेडीकडे. ‘शिवभारत’ लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी गावात, तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ तालुक्यात. एवढी पुण्याई असूनही स्टँडवर चहा पिताना शेजारच्या आजोबांनी चौकशी केली, “कुठं, महाबळेश्वरला?”

“नाही, इथंच आलोय.”

“इथं कुणाकडं?”

“कुणाकडं नाही. गाव बघायला.”

आजोबांनी मला नीट न्याहाळलं आणि समजूत घातली, “बसा तर मग. महाबळेश्वरची गाडी येईलच आता.”