टायरचं जावळ

नव्या टायरला जावळ असतं. थट्टा नाही, दुकानात नुकताच आलेला टायर जवळून बघा. अंगभर रबराचे बारीक केस उभे असतात. टायर घडताना आतली हवा निघून जावी म्हणून साच्याला सुईएवढी छिद्रं ठेवतात, तापलेलं रबर त्यांत शिरतं आणि बाळ केसांसकट जन्माला येतं. जून २०२४ मध्ये माझ्या गाडीला चार नवे टायर बसले, त्या संध्याकाळी मी पार्किंगमध्ये उकिडवा बसून त्या केसांवरून हात फिरवत होतो. वरच्या मजल्यावरचे काका जिना उतरता उतरता थबकले.

"काही हरवलंय का?"

हरवलं होतं, पण ते खिशातून.

गाडी जर्मन. नवी नव्हे, एका डॉक्टरांनी हौस फिटल्यावर काढून टाकलेली. भारी गाडी जुनी घेतली की आपण फार हुशारी केली असं वाटतं, आणि ती हुशारी टायर बदलायची वेळ येईपर्यंत टिकते. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते. टायरची उतरत नाही. गाडी जुनी आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

टायरवाल्यानं जुन्या टायरवरून अंगठा फिरवला आणि निदान केलं, "गोटा झालाय, साहेब." मग विचारलं, "कुठला टाकू? कम्फर्ट की परफॉर्मन्स?" चहाच्या टपरीवर "साधा की स्पेशल?" विचारतात, अगदी तोच सूर. बावन्न वर्षांचा, केस विरळ झालेला माणूस अशा वेळी चारचौघांत "साधा" म्हणू शकत नाही.

टायरच्या अंगावर लिहिलं होतं, २४५/४० आर १८ ९७ वाय. हे वाचायला मी रात्र जागून शिकलो होतो. २४५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. ४० म्हणजे टक्के: टायरची भिंत रुंदीच्या ४० टक्के उंच, म्हणजे ९८ मिलिमीटर, जेमतेम अर्धी वीत. १८ इंचांची रिम. ९७ हा वजनाचा सांकेतिक आकडा, एका टायरला ७३० किलो. कोकणातून येताना डिकीत किती नारळ चालतील, हा घरचा जुना वाद त्यानं मिटला. आणि वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटर.

"अहो, तीनशेनं जायचंय कुठे?" बायकोनं विचारलं.

प्रश्न बिनतोड होता. द्रुतगती मार्गावर सपाटीला १००, घाटात ६०. समृद्धीवर गेलं तरी १२०. म्हणजे कायद्यानं वागायचं तर १८० किलोमीटर कायमचे शिल्लक. मी तिला लॉकरमधल्या पाटल्यांची आठवण करून दिली. त्या तरी कुठे घालतेस? वापरायच्या नसतात, असाव्या लागतात. हे पटलं नाही, पण पाटल्यांचा विषय निघाल्यामुळे चर्चा थांबली.

परफॉर्मन्स टायरचं रबर मऊ असतं. मऊ म्हणून रस्त्याला चिकटतं, आणि चिकटतं म्हणूनच भराभर झिजतं. नव्या टायरच्या नक्षीची खोली साधारण ८ मिलिमीटर, आणि १.६ मिलिमीटर उरली की टायर बाद. थोडक्यात, मी ६.४ मिलिमीटर रबर विकत घेतलं होतं. सराफसुद्धा इतक्या बारकाईनं माप लावत नसेल. फ्रान्समधल्या मिशलँ बंधूंनी १९०० साली मोटारवाल्यांसाठी एक माहितीपुस्तिका काढून फुकट वाटली. रेस्टॉरंटना तारे द्यायची पद्धत पुढे तिच्यातूनच आली. हेतू एवढाच, की लोकांनी गाड्या काढून लांबलांब जावं आणि टायर झिजवावेत. माझ्यावर उलटाच परिणाम झाला. रविवारी मिसळ खायला निघायचं म्हटलं की किती मिलिमीटर पडेल याचा हिशेब मनात सुरू होतो. तर्रीसुद्धा मग जरा फिकी लागते.

पण खोटं कशाला बोलू? जुलैत खंडाळ्याचा घाट उतरत होतो. धुकं, वरून कोसळणारा पाऊस, आणि वळणापलीकडे एक ट्रक थांबलेला. मी ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी ना सरकली, ना डोलली, खिळा ठोकल्यासारखी जागच्या जागी थांबली. एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग असतो पोस्टकार्डाएवढा. बायको, मुलगी, मी आणि बँकेचे उरलेले हप्ते असे सगळे त्या चार पोस्टकार्डांवर बसलो होतो. त्या संध्याकाळपुरता मी टायरच्या किमतीबद्दल एक अक्षर काढलं नाही.

संसार सुरू झाला तो पुण्यात परतल्यावर. रिम आणि खड्डा यांच्यात अर्धी वीत रबर असलं की माणूस रस्ता वाचायला लागतो. कुठल्या चौकातलं ड्रेनेजचं झाकण दोन बोटं खाली बसलंय, कुठला गतिरोधक कुणी रातोरात स्वखर्चानं घातलाय, हे मला तोंडपाठ आहे. प्रत्येक ठिकाणी मी गाडी इतकी हळू घेतो, की मागचा रिक्षावाला आधी हॉर्न देतो, मग शेजारून जाताना वळून बघतो. त्याच्या नजरेत राग नसतो, कीव असते. ताशी ३०० चे टायर लावल्यापासून मी आयुष्यात कधी नव्हतो इतका हळू चालवायला लागलोय.

आणि गाडीत स्टेपनी नाही. हा शब्द आपल्याला इतका घरचा वाटतो, पण तो वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला काढलं. तिकडे तो शब्द लोक विसरले, आपण सांभाळला, आणि आता गाडीवाल्यांनी चाकच काढून घेतलं. त्याऐवजी दिलाय रन-फ्लॅट टायर. त्याची भिंत इतकी कडक, की हवा गेली तरी ताशी ८० च्या वेगानं ८० किलोमीटर जाता येतं. हवा असतानाही गाडी गादी काढलेल्या पलंगासारखी लागते, ती या भिंतीमुळेच. पण खरी गंमत पुढेच आहे. पंक्चर झाल्यावर माझी गाडी ज्या वेगानं जाऊ शकते, त्या वेगानं ती शहरात पंक्चर नसतानाही कधी जात नाही.

एवढं जपूनही गेल्या पावसाळ्यात पाण्यानं भरलेल्या एका खड्ड्यानं गाठलंच. दुसऱ्या दिवशी डाव्या पुढच्या टायरच्या भिंतीवर लिंबाएवढं टेंगूळ. आतले धागे तुटले की हवा तिथून बाहेर रेटते, आणि त्याला औषध नाही. तसाच टायर शोधायला निघालो. जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं मोटारींच्या नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, तेव्हापासून परदेशी टायर परवान्यावर येतात. माझ्या मापाचा टायर म्हणे वाटेत होता. तीन आठवडे रोज एकच उत्तर मिळायचं, "कंटेनर निघालाय, साहेब."

शेवटी दुसऱ्या पेठेतल्या एका म्हाताऱ्या टायरवाल्याकडे गेलो. त्यानं टेंगळाकडे ओझरतं बघितलं, मग चष्मा कपाळावर चढवून टायरच्या कडेला नख टेकवलं. तिथे छोट्या लंबगोलात चार आकडे होते, ३२२२.

"हा घेतला कधी?"

"चोवीसच्या जूनमध्ये. नवा कोरा. केस होते अंगावर."

"केस काय, गोदामात पडून राहिला तरी जात नाहीत. हा बाविसच्या बत्तिसाव्या आठवड्यातला. तुमच्याकडे आला तेव्हाच दोन वर्षांना दोन महिने कमी होते त्याला."

म्हणजे मी पार्किंगमध्ये बसून ज्याला गोंजारलं, ते बाळ चांगलं चालता-बोलता येणारं होतं. बाकीचे तिन्हीही त्याच आठवड्यातले निघाले. नवा टायर घ्यायला जाल तेव्हा पैसे देण्याआधी वाका आणि ते चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. जावळावर जाऊ नका.