दोन टिंबांच्या पुढचं वाचणारा माणूस

वाढदिवसाचा केक कापताना सर्व्हरबुवांची आठवण कुणालाच होत नाही. ती होते शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला, वेबसाइट आडवी झाल्यावर. पन्नाशीकडे झुकलेला, चष्मा कपाळावर, खुर्ची दिली तरी न बसणारा हा माणूस उभ्याउभ्याच दोन बोटांनी टाइप करतो. समोरचा चहा गार होऊ देणं हा त्याचा धर्म.

पहिला प्रश्न ठरलेला. "काय बदललंत?"

"काही नाही हो!" पाच जण एका सुरात.

ओठाला श्रीखंड असताना मधुमेही माणूस डॉक्टरांना "गोड? छे!" म्हणतो, तो हाच सूर. बुवा वाद घालत नाहीत. त्यांना ठाऊक असतं की अपाचे हा वेब सर्व्हर आपली मॉड्यूल्स चढवतो ती सुरू होताना. एकदा गाडी चालू लागली की डिस्कवरून काय गायब झालं याची त्याला सहसा दाद नसते. म्हणून मंगळवारी केलेलं पाप शुक्रवारी रीस्टार्ट करताना उघडं पडतं, आणि तोवर करणाराही ते विसरलेला असतो. खरं तर रीस्टार्टच्या आधी 'कॉन्फिगटेस्ट' नावाची तपासणी करता येते. सगळं ठीक असेल तर ती 'सिंटॅक्स ओके' म्हणते. पण लग्न ठरवण्याआधी चौकशी करतं कोण?

बुवा येईपर्यंत घरगुती उपचार झालेले असतातच. एकाने पीएचपीच्या 'लोडमॉड्यूल' ओळीपुढे हॅश टाकून ती झोपवलेली असते. सर्व्हर उठतो, पण पाहुण्यांना जेवणाऐवजी पाककृती वाढू लागतो: पानाच्या जागी सगळा कोड, कधी डेटाबेसच्या पासवर्डासकट. दुसरा असतो सातशे सत्याहत्तर संप्रदायाचा. काहीही अडलं की सगळ्या फाइलींना ७७७ परवानगी द्यायची, म्हणजे किल्ली हरवली म्हणून घराची सगळी दारंच उखडायची. या संप्रदायाबद्दल बुवा जे बोलतात ते छापता येत नाही.

आणि मॅनेजर. तो विजयी मुद्रेने पडद्यावर बोट ठेवतो. "हा म्हणतो फाइल नाही. ही काय फाइल! चांगली धडधाकट आहे!"

"साहेब, ओळ पूर्ण वाचा."

"वाचली की! 'मॉड्यूल सर्व्हरमध्ये लोड करता येत नाही.'"

"त्यापुढे दोन टिंबं आहेत. तो विसर्ग नव्हे. त्याच्याही पुढे वाचा."

पुढे एका वेगळ्याच लायब्ररीचं नाव असतं. मग बुवांचं लाडकं प्रवचन सुरू होतं. "मुलगी नटूनथटून आत तयार बसलीय. पण तिला मांडवात आणणारा मामाच आला नाही! लिनक्स बिचारा मामाचं नाव घेऊन सांगतो. विंडोजवर नुसतं कळतं की मॉड्यूल सापडलं नाही. बसा मुलगी शोधत." मग ते 'एलडीडी' चालवतात. मॉड्यूलचे सगळे मामे-काके ओळीने उभे राहतात आणि एकापुढे लिहिलेलं असतं: 'नॉट फाउंड'.

शोधाशोध चालू असताना बुवा इतिहासात शिरतात. १९९५ साली एनसीएसएच्या जुन्या सर्व्हरला ठिगळं जोडून हा अपाचे झाला, म्हणून तो 'अ पॅची सर्व्हर', असं ते सांगतात. नावाची ही कथा सगळ्यांना मान्य नाही, बुवांना आहे. "गोधडी आहे ही, गोधडी! एक टाका ओढलात तर ऊब जाणारच." पाठोपाठ २.२ साठी बांधलेलं मॉड्यूल २.४ ला का चालत नाही, ते नव्याने का बांधावं लागतं, हेही येतं. ऐकणारे मोबाइल बघत असतात.

तेवढ्यात कोपऱ्यातून एक कोवळा आवाज येतो. "सर, मंगळवारी डिस्क भरली होती ना... तेव्हा एक जुनं पॅकेज काढलं होतं. कुणी वापरत नाही असं वाटलं."

बुवा वळूनही बघत नाहीत. पॅकेज परत बसवतात, हॅश काढतात, तपासणी चालवतात. सिंटॅक्स ओके. वेबसाइट उठते. एकूण वेळ चार मिनिटं, प्रवचन वगळून.

मॅनेजर हुश्श करतो आणि बॅग उचलतो. "एवढंच होय? म्हणजे काहीच नव्हतं!"

बुवा गार चहा एका घोटात संपवतात, चष्मा पुन्हा कपाळावर चढवतात.

"नव्हतं ना, साहेब. तेच तर नव्हतं."