वकिलासाठी संमती

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची सभ्यता वाखाणण्याजोगी होती. त्याचे कलम ३६(४) म्हणे, कामगार न्यायालयात वकील द्यायचा तर न्यायाधीशांच्या परवानगीबरोबर समोरच्याची संमतीही हवी. म्हणजे कपातीत नोकरी गेलेल्या कडेगावच्या कामगाराने नोकरीच्या वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई मागताना काढणाऱ्या कंपनीलाच नम्रपणे विचारायचे, ‘साहेब, तुमच्याविरुद्ध वकील देऊ का?’

हा शिष्टाचार कुस्तीच्या मैदानातही आणावा. प्रतिस्पर्ध्याच्या लेखी संमतीशिवाय पैलवानाने लंगोट कसू नये.

कंपनीही नियम काटेकोर पाळे. वकील देतच नसे, फक्त आपला अधिकारी पाठवी. त्याच्याकडे वकिलीची पदवी असे, हा योगायोग. अशा अधिकाऱ्याला कोणाचीही संमती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच ठरवून दिले होते.