यंत्र कमी, माणूस जास्त

'डाफ्ट पंक' या फ्रेंच संगीतकार जोडीचा 'ह्यूमन आफ्टर ऑल' हा अल्बम २००५ साली आला. सहा आठवड्यांत उरकलेला. श्रोत्यांनी नाकं मुरडली: तेच तेच, फार यांत्रिक! (यंत्रमानवाची शिरस्त्राणं घालून फिरणाऱ्यांकडून आणखी कसली अपेक्षा होती, कोण जाणे.) पुढे तीच गाणी जुन्या गाण्यांत मिसळून मंचावर वाजली, तेव्हा तीच मंडळी बेभान नाचली. २०१३ साली 'रँडम अ‍ॅक्सेस मेमरीज'साठी जोडीने हाडामांसाचे ड्रमर आणि गिटारवादक बसवले. आता तक्रार उलटी: यात यंत्र कुठंय? ग्रॅमीवाल्यांनी मात्र त्यालाच वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. २०२१मध्ये जोडी फुटली. नवं काही येणार नाही याची खात्री पटल्यावर कौतुकाला उधाण आलं.