बाजारातल्या मास्तरणी

इतिहासात रोहिणखेडचं नाव येतं ते लढायांमुळे. बऱ्हाणपूरकडून पठारावर चढणारी वाट इथूनच घाटाला लागायची. साहजिकच १४३७ साली बहमनी आणि खानदेशच्या फौजा इथे भिडल्या, आणि सोळाव्या शतकाच्या शेवटी निजामशाहीच्या गादीचं भांडणही इथेच निकालात निघालं. खुदावंतखानाने १५८२ साली बांधलेली मशीद गावाने सांभाळून ठेवली आहे. कोण जिंकलं, कोण हरलं, सगळी नोंद आहे. एवढ्या फौजांना भाजी कोणी पुरवली आणि वांगी काय भावाने गेली, याविषयी मात्र तवारीख लिहिणारे अवाक्षर काढत नाहीत. त्यांना जेवण आयतं मिळत असणार.

मोताळा तालुक्याच्या या घाटाखालच्या पट्ट्यात आजही आठवडा मोजायचा तो बाजारापासून बाजारापर्यंत. बाजाराच्या दिवशी वावरातल्या कामाला सुटी, मजुरीचा चुकारा त्याच दिवशी. दाढी, सोयरिकीची पहिली कुजबुज आणि उसन्या पैशाची आठवण, ही कामंही त्याच दिवशी उरकतात. उसने घेतलेला माणूस त्या दिवशी जरा लांबच्या गल्लीने भाजी आणतो.

शहरांनी हे सगळं अलीकडे नव्याने शोधून काढलं. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला, आणि त्याच वर्षी पणन मंडळाच्या ‘संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडी बाजार’ अभियानात थेट विधानभवनाच्या आवारात भाज्या मांडल्या गेल्या. शेतमालाच्या भावावर जिथे तासन्‌तास भाषणं होतात, तिथे खरा भाव सांगणारी माणसं येऊन बसली, हे बरंच झालं. नावही शोभलं. अरणच्या सावता माळ्यांना मळ्यातच विठ्ठल भेटला, ते पंढरपूरला गेलेच नाहीत म्हणतात. बाजाराला जात असावेत. मुळा-भाजी घरी ठेवून काय करणार?

पण गावातल्या बाजारात बसलेला प्रत्येक जण शेतकरीच, असं समजणाऱ्याने एकदा पहाटेचा हर्रास पाहावा. गावाजवळच्या मळ्यातली मिरची मोठ्या मंडीत जाते. तिथे बोली लागते, हमाली, तोलाई वजा होते, आणि शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडते. कधी ती उलटीही पडते, म्हणजे माल देऊन वर पदरचे पैसे. मग तीच मिरची किरकोळ विकणाऱ्याच्या पोत्यात बसून, भाडं भरून, गावच्या बाजारात परत येते. मिरचीचा एवढा प्रवास होतो, पण तिला पिकवणारा माणूस मात्र उभ्या आयुष्यात तेवढा फिरत नाही. किरकोळवाल्याला मी बोल लावत नाही. पाटीभर माल पोटासाठी विकणारा तोही उन्हातच बसतो. फक्त बाजारात दिलेल्या दहा रुपयांतले किती वावरात पोचतात, हे कोणाकडून घेतलं यावर ठरतं.

मग शेतकरी ओळखायचा कसा? माझी कसोटी सोपी आहे: ‘हे रांधायचं कसं?’ असं विचारायचं. नुसता विकणारा म्हणतो, ‘जसं बाकीचे रांधतात तसं.’ पिकवणारी बाई आधी तुमच्याकडे दयेने पाहते, हातातला वाटा खाली ठेवते आणि शाळा सुरू होते.

“चिवईत पानी नोको टाकजो, भाऊ. तिचं तिलेच सुटते.”

शेजारची लगेच म्हणते, दाळ भिजवून घातल्याशिवाय चिवळीला चव नाही. तिसरी म्हणते, दाळ घातली की चिवळ कुठे राहिली, ती तर दाळच. अंबाडीत ज्वारीच्या कण्या किती, वरून लसणाचं तेल केव्हा सोडायचं, तरोट्याची कोवळी पानं पहिल्या पावसानंतर किती दिवस चालतात, काटोले चिरायचे की ठेचायचे, हे सगळं गिऱ्हाईक ताटकळत उभं असताना चालतं. शेवटी पाच रुपयांची चिवळ आणि तीन परस्परविरोधी मतं घेऊन आपण निघतो. शासनाचा कृषी विभाग पावसाळ्यात रानभाज्यांचे महोत्सव भरवतो. तक्ते असतात, गुणधर्म लिहिलेले असतात. चांगलंच आहे. तक्ता मात्र शेजारच्या तक्त्याशी भांडत नाही.

या शिक्षणाचा वरचा वर्ग हिवाळ्यात भरतो. भरताची मोठी हिरवी वांगी येतात, आणि ती गॅसवर भाजणार असं कबूल करणाऱ्याला वांगी मिळतात, मान मिळत नाही. वांगी भाजायची कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर. कापूस वेचून झाला, पऱ्हाट्या वाळल्या, वांगी तयार झाली, सगळं एकाच महिन्यात. सोबत कळण्याची भाकरी: ज्वारी आणि उडीद, दोन्ही खरिपातले, नुकते घरात आलेले. कोणी आहारतज्ज्ञाने ठरवलेलं ताट नव्हे हे, वावराने ठरवलेलं आहे. ‘ऋतूप्रमाणे खा’ हे शहरात फलकावर लिहावं लागतं. इथे उन्हाळ्यात भरताचं वांगं मागितलं की वेड्यात काढतात.

हल्ली जिल्हा परिषदेच्या शाळाही मैदानावर मुलांचा आनंद बाजार भरवतात. व्यवहारी गणित यावं, हा हेतू. पोरं घरच्या परसातली मेथी, लिंबं, बोरं घेऊन बसतात. गणिताचं म्हणाल तर मोडीसाठी अडलेलं पोर सरळ म्हणतं, “बाकीचे उद्या देजा,” आणि उधारीचा धडा पहिल्याच तासाला होतो. मेथी आणि शेपू यांत घोळ करणारं पोर मात्र मला अजून भेटलं नाही. घोळ करतात ते बदलून आलेले गुरुजी. जुडी उचलून वास घेतात, भाव पाडून मागतात. चौथीतली दुकानदारीण जुडी परत ओढून घेते आणि विचारते, “गुरुजी, तुम्हाले निवडता येते का पण?”