निळी भिंत, पनवेलचा पाऊस

पनवेलमध्ये घराला रंग काढायचा ठरला की शेड कार्डाची पहिली दोन पानंच तेवढी मळतात. क्रीम, ऑफ व्हाइट, आयव्हरी, फार तर पिस्ता. पुढची पानं कोरी करकरीत राहतात. शेवटाकडे कुठेतरी गडद निळा असतो. त्यावर बोट ठेवलं की घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, ‘‘खोली लहान दिसेल.’’ आता नवीन पनवेलमधली दहा बाय दहाची बेडरूम आणखी किती लहान दिसणार? ते काम बिल्डरने आधीच चोख करून ठेवलेलं असतं.

खरी अडचण वेगळी आहे. पंढरीच्या सावळ्यापुढे आपण लोटांगण घालतो, पण स्थळ बघताना रंग उजळ हवा असतो आणि भिंत बघतानाही. जुन्या कौलारू घरांत नीळ असायची, पण तीही चुना आणखी पांढरा दिसावा म्हणून. कालवलेल्या चुन्यात चिमूटभर टाकायची. हात सैल सुटला की ओटीची भिंत आभाळी व्हायची, आणि ‘असाच हवा होता’ म्हणून वडीलधारी मंडळी वेळ मारून न्यायची.

सगळाच महाराष्ट्र निळ्याला बिचकतो असं मात्र नाही. १९४२ साली बाबासाहेब आंबेडकरांची शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभी राहिली, तिचा झेंडा निळा होता. बाबासाहेबांच्या तसबिरीमागची भिंत आजही कितीतरी घरांत आवर्जून निळी असते. त्या घरांतून ‘खोली लहान दिसते’ ही तक्रार मी कधी ऐकली नाही.

शिवाय हा रंग परका म्हणावा तर तसाही नाही. गडद निळ्या शेडमध्ये बऱ्याचदा थॅलो ब्लू नावाचं रंगद्रव्य असतं. १९२८ च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या कारखान्यात भलतंच रसायन बनत होतं. भांड्याच्या आतल्या काचेच्या अस्तराला तडा गेला, रसायन लोखंडाला भिडलं आणि निळसर काहीतरी तयार झालं. पुढे लोखंडाच्या जागी तांबं आलं आणि रंग पक्का झाला. त्याच कुळातली निळी भुकटी आज रोह्याला, सुदर्शन या रंगद्रव्यं बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात तयार होते. म्हणजे पनवेलहून गाडीत बसून जाता येईल इतकं या निळ्याचं माहेर जवळ आहे.

तरी तो भिंतीवर चढताना नखरे करतोच. दुकानात शेडचा नंबर सांगितला की यंत्र डब्यात रंगाच्या बारीक धारा सोडतं आणि डबा गदगदा हलवला जातो. फिक्या रंगाच्या डब्यात पांढरं टायटॅनियम भरपूर असतं, ते खालचं सगळं झाकतं. गडद शेडच्या बेसमध्ये ते नावालाच. त्यामुळे पहिला हात सुकला की भिंतीवर पट्टे दिसतात आणि मागची पांढरी पुट्टी डोकावते. घरधनीण घाबरून विचारते, ‘‘दादा, हे असंच राहणार का?’’

‘‘नाही हो ताई, तीन हात लागतील. राखाडी प्रायमर मारला असता तर दोनात भागलं असतं.’’

ही माहिती पेंटर मंडळी पांढरा प्रायमर मारून झाल्यावरच देतात.

क्रीम रंग माणसाचं सगळं पोटात घालतो. निळा चुगलखोर. पॉलिश पेपर कुठे नीट फिरला नाही, खुर्चीची पाठ कुठे घासली, नातवाने पावडरचे हात कुठे पुसले, सगळं पाहुण्यांना दाखवतो. टचअप करावं तर ठिगळ वेगळं दिसतं. त्यात येतो जून. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. भिंतीत ओल मुरते आणि सुकताना आतले क्षार बाहेर फुलतात. क्रीमवर ते बेमालूम मिसळतात. निळ्यावर पांढरी बुरशी आल्यासारखे उठून दिसतात आणि सोसायटीच्या मीटिंगला विषय मिळतो.

एवढं सगळं असूनही माझं मत निळ्यालाच आहे. पांढरी भिंत उजेडातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास भाग परत देते, गडद निळी दहा टक्केही देत नाही. ट्यूबलाइटखाली ती उदास दिसते हे कबूल. पण ट्यूब मालवून कोपऱ्यात पिवळा दिवा लावा. खोलीचे कोपरेच दिसेनासे होतात. भिंत मागे सरकते. आजीची पितळी समई, सागवानी कपाट, पुस्तकांच्या पाठी, वर्षानुवर्षं क्रीमपुढे फिकट पडलेलं सगळं पुढे येतं. खोली लहान दिसत नाही, कुठे संपते तेच कळत नाही. आणि श्रावणात खिडकीतून प्रबळगड बघावा, अगदी त्याच शेडचा, तोही फुकट.

तेव्हा लावायचाच तर एका भिंतीला लावा, सबंध घराला नको. खोलीची खिडकी डक्टमध्ये उघडत असेल तर ती एक भिंतही नको. दसऱ्यानंतर, भिंती खडखडीत वाळल्यावर काम काढा. लागणारे सगळे डबे एकदम मिसळून घ्या आणि वाटीभर रंग झाकण घट्ट लावून ठेवून द्या. आणि भिंत निवडताना वास्तुवाल्यांना विचारण्याआधी पलीकडच्या शेजाऱ्यांना विचारा, तिथे त्यांचं बाथरूम तर नाही ना!